चार अंश: एका सेकंड शिफ्टचा घटनाक्रम

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, त्यामुळे बुधवारची रात्र कायम घाईची. पुढचा घटनाक्रम अशाच एका बुधवारचा आहे, जूनमधला, नुकता पाऊस सुरू झाला होता तेव्हाचा. शेडचं नाव सांगून काही साधणार नाही. तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मशीनं), दोन टर्निंग सेंटर आणि एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणारा धंदा, असं शेड तिथे कुठल्याही गल्लीत सापडेल. वेळा मशीनच्या अलार्म हिस्टरीतून आणि शिफ्ट रजिस्टरमधून घेतल्या आहेत. रजिस्टरमध्ये जे नव्हतं ते माणसांकडून कळलं, आणि तेच जास्त होतं.

सकाळी ७.०५ (मशीन ठोकायला १५ तास ४२ मिनिटं)

मेन स्विच, कंट्रोल ऑन, इमर्जन्सीचं बटण फिरवून सोडणं, मग होम, म्हणजे प्रत्येक ॲक्सिसला त्याच्या शून्यावर नेणं. आधी झेड, म्हणजे टूल वर जाऊन मोकळा होतो. मग एक्स आणि वाय. शेवटी ए, म्हणजे चौथा ॲक्सिस: बेडवर आडवं बसवलेलं रोटरी टेबल. त्याच्या आणि टेलस्टॉकच्या मधे फिक्स्चरची प्लेट, प्लेटवर पंपाच्या बॉडीची दोन बिडाची कास्टिंग आवळलेली.

हे रोटरी टेबल शेठनी सेकंडहँड घेतलेलं. नव्या टेबलांत बॅटरीवर चालणारा ॲब्सोल्यूट एन्कोडर असतो, वीज गेली तरी आपण कुठे आहोत हे त्याला माहीत असतं. या जुन्याला तसं काही नाही. वीज गेली की सगळं विसरायचं आणि परत आल्यावर शून्य नव्याने शोधायचं. शोधण्याची रीत अशी: टेबलाच्या फिरत्या भागावर लोखंडाचा एक डॉग आहे आणि बॉडीवर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर. टेबल जोरात फिरतं, डॉग सेन्सरसमोर आला की सावकाश होतं. डॉग सेन्सरसमोरून सरला की कंट्रोल मोटरच्या एन्कोडरवरच्या मार्करची वाट बघतो. हा मार्कर मोटरच्या दर फेऱ्यात एकदाच येतो. पहिला मार्कर आला की थांबायचं आणि त्या जागेला शून्य म्हणायचं. सेन्सर फक्त गल्ली दाखवतो, घर मार्कर ठरवतो.

आता गिअरचं गणित. वर्म आणि वर्मव्हीलचं प्रमाण ९० ला १, म्हणजे मोटरचे ९० फेरे झाले की टेबलाचा एक. म्हणून मोटरचा एक फेरा म्हणजे टेबलाचे बरोबर चार अंश, आणि दोन शेजारच्या मार्करांत अंतरही चार अंशांचंच.

गोल ॲक्सिसची खरी अडचण पुढे आहे. एक्स किंवा वाय ॲक्सिसला टोक असतं. होम चुकलं तर कधी तरी लिमिट लागते, अलार्म येतो, निदान काही तरी अडतं. रोटरीला टोकच नाही. ते कुठेही थांबून ‘हे शून्य’ म्हणालं तरी मशीनमध्ये त्याला खोटं पाडणारं दुसरं काही नसतं.

त्या सकाळी एचा, होम झाल्याचा दिवा पहिल्या फेरीला लागला नाही. टेबल डॉगवरून पुढे गेलं, आणखी एक पूर्ण फेरा मारला, मग थांबलं. लातूरकडचा आयटीआय झालेला ऑपरेटर पोरगा समोरच होता. दिवा लागला, त्याने सायकल स्टार्ट दाबलं. रजिस्टरमध्ये याची नोंद नाही. दिवा लागलेला असताना कोण कशाला करेल?

सकाळी ११.२० (११ तास २७ मिनिटं)

विजेचा झटका आला, मशीन बंद. परत चालू करून होम दिलं तर ए ॲक्सिसवर ९० नंबरचा अलार्म: रेफरन्स रिटर्न पूर्ण झालं नाही. पोराने सेटरला हाक मारली. या सेटरला सगळे अण्णा म्हणतात. वीस वर्षं याच पट्ट्यात, हात चांगला, आणि कंट्रोलची पानं उघडायला न घाबरणारा. असे सेटर थोडे.

अण्णांनी डायग्नोसिसमध्ये एक्स ९.३ हा बिट काढला. फानुकच्या कंट्रोलवर चौथ्या ॲक्सिसचा डीसेलरेशन सिग्नल तिथे दिसतो. हँडव्हीलने टेबल हळूहळू फिरवलं. डॉग लांब असताना १ दिसायला हवा, डॉग समोर आला की ०, सरला की परत १. इथे डॉग लांब असतानाच मधूनमधून ० चमकत होता.

“घाण बसली असणार,” अण्णा म्हणाले, आणि निम्मं खरं होतं. कव्हर काढलं तर बिडाचा बारीक काळा बुरा आणि कूलंट यांचा चिखल सेन्सरच्या तोंडावर लिंपलेला. इंडक्टिव्ह सेन्सरला डॉग काय आणि बुरा काय, दोन्ही लोखंडच. फडक्याने पुसलं, मग एअर गन मारली. एअर गनबद्दल इथे बोलायलाच हवं. सहा बारची हवा चिखल उडवते तशी तो फटीतही घुसवते. सेन्सरचं कनेक्टर त्याच कोपऱ्यात होतं. चौथा ॲक्सिस लागत नाही तेव्हा टेबल उतरवून ठेवतात, आणि हे कनेक्टर महिनोन् महिने कूलंटच्या ट्रेशेजारी उघडं पडलेलं असतं.

बिट स्थिर झाला. होम झालं. उत्पादन सुरू.

दुपारी १.१५ (९ तास ३२ मिनिटं)

जेवणाच्या सुट्टीनंतर होम दिलं तर टेबल अगदी मंद चालीने फिरत राहिलं. एक फेरा, दोन, तीन. दिवा नाही.

मंद चाल हीच खूण होती. हा सिग्नल मुद्दाम उलटा ठेवलेला असतो: तार तुटली, सप्लाय गेला, कनेक्टर सुटलं, काहीही झालं तरी कंट्रोलला ० दिसतो, म्हणजे ‘डॉग समोर आहे’. त्यामुळे ॲक्सिस जोरात न पळता रांगतो. सिग्नल सलग ० येतोय याचा अर्थ दोष सेन्सरच्या तोंडापेक्षा तारेच्या वाटेवर असण्याची शक्यता जास्त. अण्णांना हे कळलंही. त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मल्टिमीटर लावून कंटिन्युइटी बघितली. बीप वाजला. “तार ओके आहे, अण्णा.”

मशीन गप्प उभं असताना ओल्या कनेक्टरमधूनही बीप वाजतो. पंप चालू आहे, टेबल हादरतंय, तेव्हाचा निकाल वेगळा येतो.

याच तासात एक गोष्ट टळली. दरवाजाच्या इंटरलॉकमध्ये सुटी चावी खोचून ठेवलेली होती, दार उघडं असतानाही मशीन चालावं म्हणून. हा उद्योग निम्म्या शेडांत चालतो आणि ऑडिटच्या दिवशी चावी खिशात जाते. इलेक्ट्रिशियनचा हात सेन्सरपाशी असताना पोराने, “बघू का दादा?” विचारत होमचं बटण दाबलं. बिट त्या क्षणी ० होता म्हणून टेबल रांगत निघालं आणि दादाला हात काढायला वेळ मिळाला. बिट १ असता तर टेबल पूर्ण वेगात सुटलं असतं. दादाने पोराला दोन शिव्या घातल्या, विषय संपला. हात आत घालताना इमर्जन्सी दाबायची, एवढीही शिस्त तिथे कुणी घालून दिलेली नव्हती.

दुपारी ३.३० (७ तास १७ मिनिटं)

शिफ्ट बदलली. रजिस्टरमधली नोंद जशी आहे तशी: ‘ए होम प्रॉब्लेम. सेन्सर क्लीन केला. ओके.’

सकाळचा जादा फेरा यात नाही. बिट कुठे चमकत होता ते नाही. टेबल जोरात फिरून चुकलं की रांगत चुकलं, हेही नाही. लातूरचा पोरगा डबा घेऊन घरी गेला, आणि जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेही त्याच्याबरोबर गेलं.

दुपारी ४.४० (६ तास ७ मिनिटं)

पुन्हा ९०. अण्णा अजून थांबलेले होते. त्यांनी ठरवलं, सेन्सरच बदलू.

तसाच सेन्सर मिळेना. शेजारच्या शेडमधून आणलेला पहिला पीएनपी निघाला, हवा होता एनपीएन. आउटपुटच उलट, बिट हलेचना. दुसरा बरोबर मिळाला, पण त्याचं तोंड जुन्यापेक्षा लांबवरून लोखंड ओळखणारं होतं. जुनं कनेक्टर त्याला बसत नव्हतं म्हणून इलेक्ट्रिशियनने ते कापलं आणि तारा सरळ जोडून टेप गुंडाळली. सेन्सर आणि डॉग यांच्यातली फट अण्णांनी हॅक्सॉ ब्लेड घालून लावली. आपल्याकडे हाच फीलर गेज. बिट दगडासारखा स्थिर. चमकणं बंद.

इथे थोडं थांबून एक जुनं प्रकरण सांगतो. थेराक-२५ हे कॅनडाच्या ॲटॉमिक एनर्जी कंपनीचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. त्यातही एक फिरतं टेबल होतं. ते किरणांच्या वाटेत कधी चुंबकं आणायचं तर कधी धातूचं टार्गेट, आणि ते कुठे उभं आहे हे तीन मायक्रोस्विच सांगायचे. जुलै १९८५ मध्ये हॅमिल्टन शहरात एका रुग्णाला भलताच जास्त डोस बसला. कंपनीला तो दोष पुन्हा घडवून दाखवता आला नाही. तरी तिने संशय मायक्रोस्विचवर धरला, त्या जागेची रचना बदलली आणि सुरक्षितता निदान लाखपट वाढल्याचं कळवलं. मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे आणखी दोघांना तसाच डोस बसला आणि दोघेही दगावले. तिथे दोष सॉफ्टवेअरमध्ये निघाला. ऑपरेटरने पडद्यावरची नोंद झपाट्याने दुरुस्त केली की यंत्र आतल्या आत गडबडायचं. कुठे माणसाचा जीव आणि कुठे पंपाची बॉडी, तुलना तेवढ्यापुरतीच. पण दोष पकडल्याशिवाय स्विच बदलला आणि लक्षण गेलं की माणूस किती निश्चिंत होतो, ते दोन्हीकडे दिसतं.

भोसरीतला जुना सेन्सर, पुढे टेबलावर तपासला तेव्हा, ठणठणीत निघाला. कापलेल्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. कनेक्टर कापलं गेलं म्हणून चमकणं थांबलं. श्रेय नव्या सेन्सरला मिळालं.

संध्याकाळी ६.०५ (४ तास ४२ मिनिटं)

अण्णांनी दहा वेळा होम देऊन पाहिलं. दहाही वेळा दिवा. मग, आणि याबद्दल त्यांना मानलं पाहिजे, प्लेटवर डायल लावून लेव्हल तपासली. काटा एका शतांशाच्या आत. दहातल्या नऊ सेटरांनी एवढंही केलं नसतं.

त्यांनी जे पाहिलं नाही ते त्याच डायग्नोसिसमध्ये थोडं पुढे होतं: ३०२ नंबर. डॉग सरल्यापासून पहिल्या मार्करपर्यंत किती अंतर गेलं ते तिथे येतं. या टेबलावर ते दोन अंशांच्या आसपास हवं, दोन मार्करांच्या बरोबर मधे, म्हणजे डॉगची जागा जराशी इकडेतिकडे झाली तरी पहिला मार्कर तोच राहतो. नवा सेन्सर लांबून ओळखत होता, शिवाय ब्लेडने फट बदललेली, त्यामुळे डॉग आता उशिरा सरत होता. मार्कर येण्याच्या अगदी तोंडावर. उरलेलं अंतर अंशाचा दहावा भागही नसावं. डॉगच्या त्रिज्येवर ते जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरतं.

दिवसभर सगळ्यांनी सिग्नल येतो की नाही एवढंच तपासलं. तो नेमका कुठे येतो हे कुणी विचारलं नाही. दहा वेळा होम दिलं ते दहा मिनिटांत, टेबल गार असताना, एकाच स्थितीत. दहाही उत्तरं एकसारखीच येणार.

अण्णा साडेसहाला घरी गेले.

रात्री ८.३० (२ तास १७ मिनिटं)

जॉब निघत होते. कूलंट कोमट झालं होतं आणि टेबलाची बॉडीही. प्रॉक्सिमिटी सेन्सरची ओळखण्याची जागा तापमानाबरोबर थोडी सरकते, हे त्याच्या कागदावर छापलेलंच असतं. शेठचा फोन आला: गिऱ्हाइकाची गाडी सकाळी सहाला येतेय, गुरुवार असला तरी.

रात्री १०.२१ (२६ मिनिटं)

पाऊस जोराने आला आणि वीज गेली. मशीन सायकलच्या मधे थांबलं.

रात्री १०.३४ (१३ मिनिटं)

वीज आली, कॉम्प्रेसरने हवा धरली. सेकंड शिफ्टचा ऑपरेटर बीडचा, पस्तिशीतला, सावध माणूस. झेड हँडव्हीलने वर घेतला, कास्टिंगमधला बुरा काढला. होम देण्याआधी त्याने अण्णांना फोन केला.

“अण्णा, लाइट गेलती. एचं सकाळी काय लफडं होतं म्हणत्यात. होम देऊ का?”

“दे की. नवीन सेन्सर टाकलाय. बिनधास्त चालव.”

होम दिलं. टेबल फिरलं, सावकाश झालं, थांबलं. एचा दिवा पहिल्या झटक्यात लागला. दिवसभरातलं सगळ्यात स्वच्छ होम हेच, आणि हेच चुकलेलं. डॉग या वेळी मार्कर निघून गेल्यावर सरला, कंट्रोलने नियमाप्रमाणे पुढचा मार्कर धरला. पडद्यावर ए शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य. प्लेट चार अंशांनी कललेली. कंट्रोलने त्याला शिकवलेलं तेच केलं, त्याला दोष देता येत नाही.

चार अंश डोळ्यांना दिसत नाहीत का? उघड्या दारातून, प्लेट आडवी असताना, दिसतात. पण काचेवर कूलंटचा थर होता, आणि प्रोग्रॅमची उरलेली ऑपरेशनं ए ९० वर होती. प्लेट लगेच उभी फिरली. उभ्या प्लेटचा कल काचेतून कुणाला कळणार?

रात्री १०.४६ (१ मिनिट)

होमनंतरचा पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड म्हणजे न कापता धावण्याचा वेग २५ टक्क्यांवर आणून चालवायचा असतो. भिंतीवरच्या चार्टमध्ये तसं लिहिलंय. पण हा पहिला जॉब नव्हता, अर्धवट राहिलेला होता, असा त्याचा हिशेब, आणि सकाळी सहाची गाडी. त्याने बोअरिंग बारपासून प्रोग्रॅम उचलला. रॅपिड १०० टक्के.

बॉडीत दोन बेअरिंग सीट आहेत, एक वर, एक खोल आत. खालची सीट बोअर करायला बार वरच्या कास्ट भोकातून रॅपिडने आत जातो. सायकलमधले काही सेकंद वाचावेत म्हणून प्रोग्रॅम असाच लिहिलेला, आणि शेकडो जॉब असेच निघालेले. भोक ५२ मिलिमीटर, बार ४० चा. प्रत्येक बाजूला सहा मिलिमीटर मोकळीक. भोकाचं तोंड टेबलाच्या केंद्रापासून १२० मिलिमीटरवर. तिथे चार अंश म्हणजे ८.४ मिलिमीटर, अडीच सुतांहून जास्त.

रात्री १०.४७

झेडचा रॅपिड मिनिटाला २४ मीटर, सेकंदाला चाळीस सेंटिमीटर. मधे हात घालायला वेळच नव्हता. बार भोकाच्या काठावर उतरला. आवाज शेजारच्या शेडपर्यंत गेला. झेडवर ४११ चा अलार्म: ॲक्सिस जिथे असायला हवा तिथे नाही.

बार वाकला. कास्टिंगचा एक कान तुटून ट्रेमध्ये पडला. फिक्स्चरची डॉवेल पिन कापली गेली. स्पिंडलच्या बीटी-४० टेपरमध्ये ओरखडे. स्पिंडल हाताने फिरवला तर खरखर. दार बंद होतं म्हणून माणूस वाचला. चावी त्या वेळीही इंटरलॉकमध्येच होती.

रात्री १.१०

शेठ आले, अण्णा आले. सगळ्यांचं एकच म्हणणं: ऑपरेटरने चुकीच्या ब्लॉकपासून उचललं. मशीन चालूच होतं, आणि ते बंद न करण्याची अक्कल अण्णांना सुचली. सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला. तो झोपेतच बोलत होता.

“ए शून्यावर आणा. होम देऊ नका, नुसतं शून्यावर आणा. प्लेटवर बेव्हल प्रोट्रॅक्टर लावा. किती येतंय?”

“चार अंश.”

“साडेतीन नाही? सव्वाचार नाही?”

“चार. बरोबर चार.”

“मग ठोकल्यामुळे टेबल सरकलेलं नाही. ठोकून सरकलं असतं तर काहीही आकडा आला असता. तुमचा एक मार्कर चुकलाय. ३०२ ला काय दाखवतंय?”

३.९६.

दुरुस्ती ॲलन कीने झाली. डॉगचे बोल्ट सैल करून तो दोन अंश मागे सरकवला, म्हणजे सिग्नल लवकर सरेल. होम दिलं: ३०२ वर २.०१, प्रोट्रॅक्टरवर शून्य. मशीन आणि टेबल तापवून, गार करून, वीज तोडून पुन्हा पुन्हा पाहिलं. आकडा दोनच्या आसपास हलत राहिला, चारजवळ किंवा शून्याजवळ गेला नाही. तो आकडा आता मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्कर पेनने लिहिलाय. हे काम संध्याकाळी पाच वाजता झालं असतं तर अण्णांची घरी जायची वेळही चुकली नसती.

स्पिंडल बेअरिंग बदलायला बाहेर गेला. सकाळी सहाला आलेली गाडी अर्धी भरून परत गेली, आणि शुक्रवारी गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याने व्हाय-व्हाय रिपोर्ट मागितला: पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण लिहायचं. अण्णांनी तिसऱ्या ओळीत ३०२ चा आकडा टाकला होता. शेठनी तो खोडला. गिऱ्हाईक विचारेल, मग सेन्सर बदलल्यावर तुम्ही तपासलं कसं नाही? पाचव्या ओळीत लिहिलं गेलं, ऑपरेटरला होमिंगचं ट्रेनिंग नव्हतं. उपाय, ट्रेनिंग दिलं. बीडच्या ऑपरेटरने ट्रेनिंगच्या कागदावर सही केली. वेळ जेवणाच्या सुट्टीची टाकलीय.